भारतीय फुटबॉल संघ: लंडन १९४८ ते ढाका २०२५, एकदा नीट हिशेब मांडूया

मैदानकर

ढाक्यात आपण बांगलादेशाकडून १-० हरलो. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला, आणि उरलेला सगळा वेळ मिळूनही आपल्याला तो फेडता आला नाही. बांगलादेशाने आपल्याला हरवलं ते २००३ नंतर पहिल्यांदाच. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रतेचं गणित तर त्याआधीच, ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरलो तेव्हाच संपलं होतं.

मॅच संपून थोडा वेळ होतो न होतो तोच घरच्या ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड आला: १९५० साली भारत वर्ल्ड कपला पात्र ठरला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून फिफाने खेळू दिलं नाही. दर मोठ्या पराभवानंतर हा फॉरवर्ड येतो आणि लोक हळहळतात. मला त्याचा राग येतो, कारण ही हळहळ चुकीच्या गोष्टीसाठी आहे.

१९५० ला आपण पात्र ठरलो ते एकही सामना न खेळता. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तिघांनीही माघार घेतली आणि आपण आपोआप ब्राझीलला जाणाऱ्यांच्या यादीत आलो. गटात स्वीडन, इटली आणि पॅराग्वे होते. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी यजमानांनी दाखवली होती. तरी आपल्या महासंघाने नकार कळवला. कारणं दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला पुरेसा वेळ नसण्याची. त्या काळातले आपले कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की तेव्हा आपल्याकडे ऑलिम्पिक म्हणजेच सगळं काही होतं, वर्ल्ड कपचं कुणाला फारसं महत्त्व वाटत नव्हतं. बुटांची गोष्ट मागाहून चिकटली.

अनवाणी खेळायचो हे मात्र खरं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू बुटांशिवाय उतरले. कर्णधार होते नागा टेकड्यांतले डॉ. तालिमेरेन आओ. दोन पेनल्टी हुकल्या, सारंगपाणी रमणने बरोबरी साधून दिली आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन आपण २-१ हरलो. स्वतंत्र होऊन वर्षही न झालेल्या देशासाठी ही केवढी मोठी कामगिरी! पण चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने हरवलं, त्याची आठवण कुणी काढत नाही. त्यानंतरच महासंघाने बूट सक्तीचे केले.

आणि आपले सगळ्यात चांगले दिवस आले ते बूट घातल्यानंतर. १९५६ ला मेलबर्नला चौथं स्थान. १९६० ला रोममध्ये फ्रान्सशी बरोबरी. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक. या तिन्हीच्या मागे एकच माणूस होता: हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांतलं सुवर्णही त्यांचंच. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर आपण इराणला १-० हरवलं होतं. रहीम पेशाने शिक्षक. युरोपातले संघ कसे खेळतात याचा ते बारकाईने अभ्यास करायचे. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा घेतल्या, की ज्यात खेळाडूने फक्त आपल्या कमजोर पायानेच बॉल मारायचा. डाव्या पायाचा असेल त्याने उजव्याने, उजव्या पायाचा असेल त्याने डाव्याने. अशी अख्खी स्पर्धा खेळून काढली की पोरगा बाहेर पडताना दोन्ही पायांचा झालेला असायचा.

जकार्तात रहीम आले तेव्हा त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. ११ जून १९६३ ला ते गेले. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण ब्राझीलला गेलो नाही हे आपलं मोठं नुकसान नव्हतं. रहीम यांचं काम त्यांच्याबरोबर संपू दिलं, हे नुकसान होतं. या धाग्यात संघाचा सगळा इतिहास एकत्र करूया. मुंबई, गोवा, कोल्हापूरकडच्यांनी आपापल्या भागातल्या खेळाडूंबद्दल जरूर लिहा.

कूपरेजकट्टा

उत्तम विषय. मुंबईची बाजू मी मांडतो.

रहीम यांना मुंबईकर चांगले ओळखत होते, ते रोव्हर्स करंडकामुळे. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते, ते आणि त्यांचे मित्र कूपरेजला हे सामने बघायला जायचे. "पोलीस आले की हाफ टाइमनंतर खेळ बघायचा, तोपर्यंत समोरचे दमलेले असतात," असं ते सांगायचे. दम आणि वेळेवर पास, ही रहीमची ओळख.

मेलबर्नचा हिरो आमचा नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्याचा, खेळला मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. पहिल्या फेरीत हंगेरी न आल्याने आपण पुढे गेलो आणि १ डिसेंबर १९५६ ला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नेव्हिलने त्यात हॅट्ट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. चौथा गोल किट्टूचा, निकाल ४-२. यजमानांना तो पराभव पचला नाही. त्याच दौऱ्यात १२ डिसेंबरला सिडनीत आपण त्यांना पुन्हा, या वेळी ७-१ ने हरवलं.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलसुद्धा आपलाच होता, उत्तरार्धाच्या सुरुवातीला, पुन्हा नेव्हिलच. काही मिनिटं भारत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता. मग त्यांनी चार गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० हरलो. त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक चार गोल करणारे तिघे होते, त्यांत नेव्हिल एक. या माणसाचं नाव आज मुंबईतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्यावर शाळेच्या पुस्तकात धडा असायला हवा होता.

जकार्ताच्या संघात मुंबईचे आणखी दोघे. टाटाचा फॉर्च्युनाटो फ्रँको आणि कॅलटेक्सचा ओ. चंद्रशेखर. चंद्रशेखर मूळचा केरळातला इरिंजालकुडाचा. दोघेही २०२१ मध्ये गेले. फ्रँको १९६३-६४ चा संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघातही होता.

म्हापशेकार

फ्रँकोचं नाव आलं म्हणून लिहितो. तो आमच्या कोलवाळचा, म्हापशापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणीच मुंबईला गेला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी त्याची भारतीय संघात निवड झाली तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. गोवा डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि नऊ महिन्यांच्या आत हा गोंयकार आशियाई सुवर्ण गळ्यात घालून उभा होता. ही गोष्ट गोव्यात तरी प्रत्येक घरात सांगितली जायला हवी.

त्या अंतिम सामन्याबद्दल थोडं सविस्तर. ४ सप्टेंबर १९६२, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियाने पहिल्या सामन्यात आपल्याला २-० हरवलं होतं. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने खेळांतून बाहेर ठेवलं, त्यावर आपले क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी उघडपणे बोलले होते, म्हणून अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात. लाखभर लोक हुर्यो उडवत होते. त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ.

जर्नेलसिंग आपला भरवशाचा बचावपटू. थायलंडविरुद्ध डोक्याला जखम होऊन टाके पडले, पुढचा जपानविरुद्धचा सामना हुकला. रहीमनी त्याला उपांत्य सामन्यात परत आणलं ते सेंटर फॉरवर्ड म्हणून! डोक्याला पट्टी, आणि तरी हेडरला उडी मारायला तयार. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने एक गोल केला, चुनी गोस्वामींनी दोन. अंतिम सामन्यात सतराव्या मिनिटाला पीके बॅनर्जी, आणि विसाव्या मिनिटाला फ्रँकोच्या लांबून आलेल्या फ्री किकवर जर्नेल. कोरियाने अखेरीस एक परत केला, पण २-१ टिकलं. गोलकीपरही रहीमनी ऐन वेळी बदलला होता. आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन होता, अंतिम सामन्याला पीटर थंगराज. एवढे मोठे निर्णय घ्यायचं धाडस आज किती प्रशिक्षकांत आहे?

आकडेमोड

धागा आवडला, पण एक बाजू राहतेय ती मांडतो. सुवर्णयुग म्हणताना समोर कोण होतं तेही बघायला हवं. १९५१ ला जपान नुकताच युद्धातून सावरत होता, कोरियात युद्ध चालू होतं. सौदी, कुवेत, कतार, आजचे हे तगडे संघ तेव्हा चित्रातच नव्हते. १९५६ ला पहिली फेरी आपण न खेळता पार केली, एकच सामना जिंकून उपांत्य फेरी. १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेते झालो, पण इस्रायलमध्ये स्पर्धा असल्याने बहुतेक देशांनी माघार घेतली होती. पात्रता फेरीतले आपले प्रतिस्पर्धीही गळाले, आपण थेट गेलो. तिथे दक्षिण कोरिया आणि हाँगकाँगला हरवलं हे खरं, यजमानांकडून २-० हरलो. चार संघांची स्पर्धा.

शिवाय ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंचं. पश्चिम युरोपातले चांगले खेळाडू व्यावसायिक, म्हणजे ते येतच नव्हते. मग आपण नक्की किती वर होतो?

मैदानकर

@आकडेमोड, मुद्दा रास्त आहे आणि असा प्रतिसाद हवाच होता. पण हौशी नियमाचा फायदा पूर्व युरोपाला सगळ्यात जास्त होत होता. त्यांचे राष्ट्रीय संघच "हौशी" म्हणून यायचे. रोममध्ये हंगेरीने आपल्याला हरवलं ते २-१ ने. त्या संघात फ्लोरियन अल्बर्ट होता, ज्याने पुढे १९६७ ला बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. अशा संघाविरुद्ध बलरामने गोल केला आणि एका गोलने हरलो. फ्रान्सविरुद्ध पीके बॅनर्जींच्या गोलवर १-१. शेवटी पेरूकडून ३-१ हरून घरी आलो. एकही सामना जिंकला नाही, पण खेळाचा दर्जा काय होता ते या आकड्यांतून दिसतं.

आणि समोरचे कमकुवत होते म्हणता, तर जपानचंच उदाहरण घेऊया, कारण माझ्या मते आपल्या सगळ्या इतिहासात याहून मोठा धडा नाही. १९६२ ला जकार्तात आपण जपानला २-० ने हरवलं. जपानने त्याआधी, १९६० मध्ये, डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावलं होतं. क्रामरने बॉल कसा थांबवायचा, पास कसा द्यायचा, इथपासून सुरुवात केली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला हरवलं. १९६५ मध्ये त्यांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, क्रामरच्याच आग्रहाने. १९६८ ला मेक्सिकोत ऑलिम्पिक कांस्यपदक, आणि कामामोतो सात गोलांसह स्पर्धेत पहिला.

म्हणजे आपल्याकडून हरल्यावर सहा वर्षांत! त्याच सहा वर्षांत आपण काय केलं? रहीम गेल्यावर त्यांची पद्धत लिहून ठेवून देशभरातल्या प्रशिक्षकांना शिकवायचं काम कुणी हाती घेतलं नाही. राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू व्हायला १९९६ उजाडलं. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत आपण प्रत्यक्ष मैदानात उतरलो तेच १९८५ मध्ये. पस्तीस वर्षं फिफाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेकडे पाठ! १९६० नंतर पुरुष संघ ऑलिम्पिकला गेलेलाच नाही, आणि आशियाई खेळांतलं शेवटचं पदक १९७० चं बँकॉकचं कांस्य, तेही जपानलाच १-० हरवून. कर्णधार सय्यद नईमुद्दीन, तोही हैदराबादचा, रहीम यांच्याच मातीतला.

शाहूपुरीकर

कोल्हापुरातनं बोलतोय. ७० मिनिटांचं कुणीच लिहिलं नाही अजून. आपल्या देशातल्या स्पर्धांत कितीतरी वर्षं सामना ७० मिनिटांचा असायचा आणि बाहेर गेलं की ९० मिनिटांचा. शेवटच्या वीस मिनिटांत आपली पोरं का ढेपाळायची, याचं उत्तर तिथं आहे. वर्षभर ज्याची सवय नाही ते परदेशात जाऊन एकदम कसं जमणार?

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पीटीएमची (पाटाकडील तालीम मंडळाची) मॅच असली की बसायला जागा मिळत नाही, ज्याला आत जागा नाही तो बाहेरच्या भिंतीवर. हे वेड शंभर नंबरी आहे, त्यात भेसळ नाही. पण इतकी वर्षं एवढं वेड असून भारतीय संघात कोल्हापूरची पोरं किती गेली? कारण दहा-बारा वर्षांच्या पोराला शिकवायची सोय नव्हती. मोठा झाला की पेठेच्या संघात घेऊ, तोवर गल्लीत खेळू दे, असं चालायचं.

अनिकेत जाधवचं तसं झालं नाही. तो लहानपणी पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या संघात होता. त्या स्पर्धेत आपण तिन्ही सामने हरलो, अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. पण कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं हेडर मारला तेव्हा आम्ही तालमीसमोर पडदा लावून बघत होतो. फिफाच्या वर्ल्ड कपात भारताचा पहिला गोल! आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला. जल्लोष करायलासुद्धा वेळ दिला नाही. पण ती पोरं पळत होती शेवटपर्यंत, ७० मिनिटांनंतर ढेपाळली नाहीत. लहान वयात धरलं की होतंय, एवढं त्यातनं दिसलं.

निळीजर्सी

वाचनखूण साठवली. मी सुनील छेत्रीच्या काळात मोठी झाले, त्यामुळे नव्या भागाबद्दल लिहिते.

आशियाई चषकात आपण १९६४ नंतर थेट १९८४ ला गेलो, सिंगापूरला, मिलोवान चिरिच यांच्या मार्गदर्शनाखाली. इराणशी ०-० बरोबरी, बाकी तीन पराभव, स्वतःचा गोल शून्य. मग २०११ पर्यंत नाही. मधल्या काळात दक्षिण आशियात मात्र आपलंच राज्य, सॅफ स्पर्धा आजवर नऊ वेळा जिंकली. १९९६ च्या फेब्रुवारीत फिफा क्रमवारीत ९४ वं स्थान होतं, ते आजपर्यंतचं सर्वोत्तम. २०१५ च्या मार्चमध्ये १७३.

२०११ ला दोहाला गेलो ते २००८ चा एएफसी चॅलेंज चषक जिंकल्यामुळे. त्या चॅलेंज चषकाच्या पहिल्या सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध ०-० अडकलं होतं, गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने भरपाईच्या वेळात गोल केला. अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध छेत्रीची हॅट्ट्रिक. क्लायमॅक्सचा तो एक गोल झाला नसता तर पुढचं किती घडलं असतं देव जाणे. दोहाला ऑस्ट्रेलिया, बहरीन, दक्षिण कोरिया, तिघांकडून हरलो, एकूण तेरा गोल खाल्ले. पण सुब्रत पालने गोलमध्ये जे काही अडवलं ते बघून माझ्यासारख्या कित्येकजणी फुटबॉलच्या प्रेमात पडल्या.

आता अंधेरीचं. १ जून २०१८, इंटरकॉन्टिनेंटल कप, भारत विरुद्ध चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). ५-० जिंकलो, छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या. ४ जूनला केनियाशी सामना होता, त्याचा शंभरावा. मी ऑफिसातून थेट गेले. पाऊस असा, की समोरचा गोलपोस्ट धूसर दिसत होता आणि बॉल पाण्यात अडकून थांबत होता. तरी एक खुर्ची रिकामी नव्हती. माझ्या शेजारी एक काका होते, छत्री मिटून मांडीवर ठेवलेली, कारण उघडली तर मागच्या पोरांना दिसलं नसतं. पूर्ण ९० मिनिटं ते तसेच भिजत बसले. ३-० जिंकलो. मुंबईत लोक फुटबॉल बघायला येत नाहीत, असं मला कुणी सांगितलं की मी त्या काकांची गोष्ट सांगते.

२०१९ ला अबू धाबीत थायलंडला ४-१ हरवलं, आशियाई चषकातला १९६४ नंतरचा पहिला विजय. बहरीनविरुद्ध नुसती बरोबरी पुरली असती, एक्क्याण्णव्या मिनिटाला पेनल्टी दिली आणि संपलं. २०२४ ला कतारमध्ये तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. मग जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी ०-० खेळून छेत्री ९४ गोलांवर निवृत्त झाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं. ४० वर्षांच्या माणसाला! त्याच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण त्याच्या जागी उभा राहील असा नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा मुख्य आघाडीपटू, इतक्या वर्षांत तयार झाला नाही, हे आपल्या साखळी स्पर्धेचं अपयश आहे. क्लब गोल करायला परदेशी खेळाडू घेतात आणि आपले पोरगे विंगवर किंवा बाकावर.

कूपरेजकट्टा

@निळीजर्सी, नऊ नंबरबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्या मार्चच्या सामन्यातलं आणखी एक सांगतो. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० जिंकलो, सोळा महिन्यांनी मिळालेला पहिला विजय. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कोलासोचा, तिसरा छेत्रीचा. राहुल बचावपटू आहे, मराठी घरातला मुलगा आहे, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत आली. आपणच आपल्या खेळाडूंची नावं घेतली नाहीत तर कोण घेणार?

खालिद जमीलही आमच्या मुंबईच्या फुटबॉलमधलाच. महिंद्र युनायटेडकडून खेळला, पुढे २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकून दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो राष्ट्रीय प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटवर. त्याला वेळ द्यायला हवा. महिंद्र युनायटेडच २०१० मध्ये बंद झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी. असे संघ बंद पडत गेले की खालिदसारखे प्रशिक्षक घडणार कुठे?

म्हापशेकार

मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये मी होतो. १४ ऑक्टोबर २०२५, समोर सिंगापूर. छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं. माझ्या बाजूला मडगावची शाळकरी पोरं होती, त्यांना वाटलं आता झालं. मग मध्यंतराच्या तोंडावर सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि मध्यंतरानंतर दुसरा गोल. आपण पुढे असताना बॉल आपल्याकडे ठेवून समोरच्याला पळवायला हवं होतं, आपण तो परत परत लांब मारत राहिलो. शेवटच्या अर्ध्या तासात बॉक्समध्ये बॉल टाकणं एवढंच चालू होतं. बघताना जीव तुटत होता.

ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर दिला, त्याच्या मैदानावर हे व्हावं. ब्रह्मानंद भारताचा कर्णधार होता. त्याच्या नेतृत्वाखाली गोव्याने १९८३-८४ चा संतोष करंडक जिंकला तो संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता! त्याच्यानंतर ब्रुनो कुटिन्हो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स. साळगावकर, धेंपो, चर्चिल या क्लबांनी ही माणसं घडवली. खाणी बंद झाल्या तसा त्यांचा हात आखडला हेही खरंय. आणि २०२५-२६ च्या मोसमाची आयएसएल (इंडियन सुपर लीग, आपली मुख्य साखळी स्पर्धा) नोव्हेंबर संपत आला तरी सुरू झाली नव्हती, व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नव्हती. खेळाडू क्लबकडून खेळलेच नाहीत तर ढाक्यात पाय कुठून चालणार? हा ७० मिनिटांचाच आजार आहे, वेगळ्या रूपात.

आकडेमोड

जपान आणि क्रामरचा मुद्दा पटला. त्यात एक भर: आपण प्रशिक्षक बदलण्यात जेवढी घाई करतो तेवढी वयोगटांच्या स्पर्धा वाढवण्यात करत नाही. स्टिमाच गेले, मानोलो मार्केझ वर्षभरात गेले, आता जमील. रहीम यांना मध्ये थोडा खंड वगळता जवळपास दशकभर एकाच दिशेने काम करता आलं, आणि निकाल शेवटच्या वर्षी लागला.

कोथरूडची_प्रेक्षक

सगळा धागा वाचला, सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय. पण "भारतीय फुटबॉल संघ" म्हणताना एवढ्या प्रतिसादांत महिला संघाचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला खटकलं.

५ जुलै २०२५, चियांग माई. पात्रता फेरीचा शेवटचा सामना थायलंडशी, त्यांच्याच देशात, आणि जिंकलं तरच पुढे. संगीता बासफोरने दोन गोल केले, आपण २-१ जिंकलो. त्याआधी मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. महिला आशियाई चषकासाठी पात्रता फेरी खेळून पात्र ठरण्याची ही आपली पहिलीच वेळ. पुरुष संघ सिंगापूर आणि हाँगकाँगकडून हरून बाहेर पडत होता त्याच वर्षी हे घडलं.

आणि यांच्या वाट्याला आधी काय आलं होतं तेही सांगते. २०२२ चा महिला आशियाई चषक आपल्या महाराष्ट्रात होता, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी. इराणशी पहिला सामना ०-०. मग संघात कोविड शिरला. २३ जानेवारीला तैपेईविरुद्ध उतरायला तेरा खेळाडूसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत आणि भारताला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. घरच्या स्पर्धेत! तो इराणचा सामनाही रद्द धरला गेला. मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसले होते. कितीतरी वेळ काहीच सांगत नव्हते, मग सामना होणार नाही अशी पट्टी आली. साडेतीन वर्षांनी यातल्याच काही मुलींनी थायलंडला जाऊन जागा कमावली. मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी आपल्या गटात आले ते जपान, व्हिएतनाम आणि तैपेईच.

मैदानकर

@कोथरूडची_प्रेक्षक, फार मोलाचा प्रतिसाद. यावर स्वतंत्र धागाच हवा, तो तुम्हीच काढा. महिला संघ १९८० मध्ये कालिकतला आणि १९८३ ला बँकॉकला आशियाई उपविजेता होता, एवढं मला माहीत आहे. शांती मल्लिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. पण त्या पिढीबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं मी कधी वाचलेलं नाही.

कोथरूडची_प्रेक्षक

काढते या शनिवारी. कालिकतपासूनच सुरुवात करते. म्हापशेकार, त्या काळात भारताकडून खेळलेल्या तुमच्या गोव्याच्या योलांडा डिसोझाबद्दल जुन्या लोकांकडून जे कळेल ते लिहून ठेवा, धाग्यात लागेल. आणि कोल्हापूरकर, तालमींनी मुलींचे संघ काढले असतील तर त्यांचीही नावं द्या.

शाहूपुरीकर

देतो ताई. रविवारी शाहू स्टेडियमला जाणारच आहे, तिथल्या जुन्या मंडळींना गाठतो.